सहावा हार

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांना एका विहिरीसाठी कोर्टात म्हातारं होताना पाहिलं. पण कुणी म्हणालं, साहेब, एखादी केस सांगा, की मला आधी आठवतं ते एक मशीन. तो तपास आजही माझ्या डोळ्यांपुढे जसाच्या तसा आहे. त्यात रक्त नाही. पाठलाग आहे, पण तो एका जुन्या स्कूटरचा, तोही ताशी तीसच्या वेगाने. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. माणसं हयात आहेत, आपापल्या कामात आहेत. त्यातले एक गृहस्थ तर असे आहेत, की नाव छापलं तर लेखातल्या चुकांना लाल पेनाने खुणा करून कागद माझ्या घरी आणून देतील.

तेव्हा मी बिबवेवाडीच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात गुन्हे विभागाचा निरीक्षक होतो. गणपतीचा बंदोबस्त नुकताच संपला होता आणि पायांची सूज अजून उतरली नव्हती. अशा एका सकाळी एका बँकेच्या शाखेच्या मॅनेजर बाई तक्रार अर्ज घेऊन आल्या. वय तिशीच्या आसपास, बोलणं मोजकं, कागद एकदम व्यवस्थित. असे तक्रारदार पोलिसांना आवडतात, कारण त्यांच्या अर्जात रडणं कमी आणि तारखा जास्त असतात.

अर्जातली हकिकत अशी होती. बिबवेवाडीतल्या एका छोट्या कारखानदाराने बँकेकडून सात वर्षांच्या मुदतीचं कर्ज काढून सीएनसी मशीन घेतलं होतं. सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमाने लोखंड कातणारं लेथ. हे मशीन बँकेकडे नजरगहाण होतं. दागिना गहाण टाकला तर तो सावकाराच्या तिजोरीत जातो. नजरगहाणात वस्तू वापरणाऱ्याकडेच राहते, बँकेची तिच्यावर फक्त नजर असते. मशीनला बँकेच्या नावाची पाटी लावतात आणि वर्षातून एकदा अधिकारी येऊन ते जागेवर आहे ना, एवढं बघून जातो. मॅनेजर बाई बघायला गेल्या, तर मशीनच्या जागी जमिनीत रोवलेले चार बोल्ट आणि तेलाचा चौकोनी डाग. मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, हप्ता चुकलाय का? चुकला नव्हता. मग झालं तर, असं म्हणून ते चहा प्यायला निघून गेले.

बाईंना त्या चहाचाच जास्त राग आला होता, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला. बोलणारा शेजारच्या कुठल्यातरी शेडमधला असावा. होळीच्या सुमाराला एका गुरुवारी, म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, क्रेन लावून मशीन टेंपोत चढवलं आणि नेलं. विकलं असणार, म्हातारा पोहोचलेला आहे, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. सुट्टीचा दिवस गाठून गहाण मशीन हलवलेलं, म्हणजे पाणी मुरत होतं हे नक्की. फसवणूक आणि फौजदारी न्यासभंग अशी दोन कलमं माझ्या डोक्यात तयार झाली. तरी गुन्हा दाखल करण्याआधी प्राथमिक चौकशी करावी असं मी ठरवलं आणि मालकांना ठाण्यात बोलावून घेतलं.

शेडमध्ये सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. वय पासष्टच्या पुढे, मुक्काम नारायण पेठ, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात दोन चष्मे. चौकशीला आलेल्या माणसाला आम्ही आधी तासभर बाकावर बसवून ठेवतो. मोठी युक्ती नाही, पण चालते. माणूस आपोआप घाबरतो आणि निम्मं काम होतं. अण्णांनी त्या तासात वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवलं आणि आत आल्यावर पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, की तुमचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे.

मी साताऱ्याकडचा माणूस. पुण्यात इतकी वर्षं काढूनही या बोलण्याची मला सवय झाली नव्हती. मशीन आहे का, विचारलं. आहे, म्हणाले. कुठे आहे? जमिनीवर. विकलं का? यावर त्यांनी चष्मा बदलून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, विकलेल्या वस्तूचा हप्ता कुणी भरतं का, तुम्ही भराल का? माझा तोल गेला. मी टेबलावर हात आपटला. अण्णा शांतपणे म्हणाले, "जपून. टेबल सरकारी आहे."

मग मी त्यांना सरळ सांगितलं. महिनाअखेरपर्यंत मशीन दाखवा, नाहीतर गुन्हा नोंदवतो. गुन्हा नोंदवला की अटक आणि मशीन सापडेल तिथून जप्त. जप्तीचा शब्द काढल्यावर त्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा बदलला. अटकेला ते बधले नव्हते. 

"मार्चपर्यंत थांबता येईल का?" त्यांनी विचारलं. "मार्च संपला की मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन. शब्द देतो."

मार्चच का, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. गुन्हेगार वेळ मागतात तेव्हा दोन दिवस मागतात, चार दिवस मागतात. सहा महिने मागणारा मी पहिल्यांदाच पाहिला. ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली आणि त्यांना जाऊ दिलं.

माझ्या हाताखाली तेव्हा एक जुने हवालदार होते. त्यांनी दोन दिवस शेडच्या आसपास काढले. कामगार मूग गिळून बसले होते. टेंपो बाजारातून रोखीने ठरवलेला, त्याचा पत्ता लागेना. गुन्हाच दाखल नव्हता, त्यामुळे फोनचे तपशील मागवण्याचा प्रश्न नव्हता. एवढंच कळलं, की शेडमध्ये नऊ वर्षं काम केलेली एक बाई त्याच महिन्यात काम सोडून गेली होती. तेच मशीन चालवायची, सगळे तिला ताई म्हणायचे, अमरावतीकडची, वय चाळिशीच्या आत. ती राहत होती ती खोलीही तिने सोडली होती. हवालदारांनी हे सांगताना भुवई किंचित वर केली आणि मीही मान डोलावली. पासष्टीचा माणूस, चाळिशीची बाई आणि गायब मशीन. पोलिसांच्या डोक्यात आधी जे येतं तेच आमच्या डोक्यात आलं. आज त्याची लाज वाटते, पण आलं हे खरं.

मॅनेजर बाईंचा एक दिवसाआड फोन यायचा. त्यांना वरून फोन येत होते. पितृपक्ष संपला, नवरात्र सुरू झालं. महिना संपायला आठवडाही राहिला नव्हता. मी गुन्हा नोंदवायच्या तयारीला लागलो होतो, आणि तरी हात कचरत होता. त्यामागे एक जुनी गोष्ट होती.

बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठाण्यात असताना मी एक लेथ जप्त केलं होतं. तेव्हा मी तरुण होतो आणि जप्तीचा मला उत्साह होता. निकाल लागेपर्यंत ते लेथ ठाण्याच्या मागे उघड्यावर पडून राहिलं, ऊन-पाऊस खात. निकाल मालकाच्या बाजूने लागला. तो ताबा घ्यायला आला त्या दिवशी मी योगायोगाने त्याच ठाण्यात काही कामाला गेलो होतो. त्याने लेथवरून हात फिरवला, तळहाताला लागलेला गंज पाहिला, पावतीवर सही केली आणि तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. मला तो एक शब्दही बोलला नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ठाण्यात शस्त्रपूजेची तयारी चालली होती. आमचे हवालदार वही घेऊन फुलांची यादी करत होते. रायफलींच्या रॅकला एक मोठा हार, गाड्यांना एकेक, वायरलेसच्या खोलीला एक. मी म्हटलं, चौथी गाडी दुरुस्तीला गेली आहे, तिचा हार वगळा. हवालदार माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी घरातल्या आजारी माणसाचं ताट वाढू नका म्हटलं. ते म्हणाले, "गॅरेजमध्ये असली म्हणून काय झालं साहेब? गाडी आपलीच ना? मी जाऊन घालून येतो."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. दोघांच्या मनात एकच गोष्ट आली होती. अण्णा पुण्यातले जुने कारखानदार. असा माणूस एक वेळ पोलिसांना उत्तर देणार नाही, बँकेला उत्तर देणार नाही, पण खंडेनवमीला आपल्या मशीनला हार घातल्याशिवाय राहणार नाही. मग ते मशीन कुठेही असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार साध्या कपड्यांत मार्केट यार्डाच्या फुलबाजारात उभे होते. झेंडूचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही. अण्णा आले, झेंडूच्या भावावरून फुलवाल्याशी यथासांग भांडले आणि हार घेऊन निघाले. हवालदारांनी मला फोन केला. शेडमध्ये मशीनं पाच होती, दोन साधी लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि एक ग्राइंडर. अण्णांनी हार घेतले होते सहा.

मी गाडी घेऊन शेडच्या बाहेर थोड्या अंतरावर थांबलो. आत पूजा झाली, नारळ फुटला, कामगार पेढे खात बाहेर आले. मग अण्णा बाहेर आले. सहावा हार कागदात गुंडाळून त्यांनी स्कूटरच्या पुढच्या जाळीत ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पूजेतलाच एक नारळ ठेवला आणि निघाले. हडपसरची गर्दी ओलांडून, उड्डाणपुलाखालून, पुढे मांजरीच्या रस्त्याला. माझ्या ड्रायव्हरची फार पंचाईत झाली. त्याने आयुष्यात इतक्या सावकाश पाठलाग केला नव्हता.

मांजरीत एका बाजूला नव्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला ऊस. मधल्या एका कच्च्या रस्त्याने अण्णा आत वळले आणि शेताच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या शेडपुढे थांबले. मी पाच मिनिटं जाऊ दिली आणि हवालदारांना घेऊन दारात उभा राहिलो.

शेड सारवल्यासारखी स्वच्छ होती. मधोमध ते मशीन उभं होतं. त्याला हळद-कुंकू लावलेलं, पुढे रांगोळी, आणि अण्णा पायाच्या चवड्यांवर उभे राहून हार अडकवत होते. शेजारी पदर खोचलेली एक बाई हातात आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं, हवालदारांची चण पाहिली, काय ते ओळखलं. मी उंबऱ्यातून पाय आत टाकणार तेवढ्यात ती म्हणाली, "साहेब, बूट बाहेर काढा जी. पूजा व्हायची हाये अजून."

मी बूट काढले. पोलिसाला छाप्याच्या वेळी कुणी बूट काढायला लावल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आरती होईपर्यंत आम्ही दोघं अनवाणी, हात जोडून उभे होतो. तिने आम्हालाही खोबरं-साखर दिली.

मग मी मशीनजवळ गेलो. आणि ज्या गोष्टीने या चौकशीचा निकाल लागला, ती मला तिथे दिसली. मशीनच्या अंगावर बँकेची पितळी पाटी होती. हे मशीन अमुक बँकेकडे नजरगहाण आहे, असं लिहिलेली. गहाण वस्तू परस्पर विकणारा किंवा लपवणारा माणूस सगळ्यात आधी ती पाटी उपटून फेकतो. इथे पाटी चिंच लावून लख्ख घासली होती, आणि बँकेच्या नावावर हळद-कुंकवाचं बोट उमटलं होतं.

मी ताईला विचारलं, पाटीला कुंकू कशाला? तिला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "त्याइच्याच पैशाची हाये न जी मशीन," ती म्हणाली. "लक्ष्मी ज्याच्या घरून आली, त्याले इसरून कसं चालन?"

तिथेच, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून मी अण्णांचा जबाब घेतला. या वेळी ते बोलले. ताईने अमरावतीकडे आयटीआयमधून टर्नरचा कोर्स केला होता, नवऱ्याबरोबर पुण्याला आली होती. नवरा एका कंपनीत सुरक्षारक्षक. नऊ वर्षांत तिचा हात असा बसला, की मोजमाप घेण्याआधीच जॉब, म्हणजे कातलेला भाग, बरोबर आहे की नाही हे ती आवाजावरून सांगायची. एका पंपाच्या कारखान्याने तिला स्वतःच्या नावावर वर्षभराचं काम द्यायची तयारी दाखवली, एप्रिल ते मार्च. फक्त मशीन हवं होतं.

"गेली चार-पाच बँकांत," अण्णा म्हणाले. "मोबाईल घ्यायला दहा मिनिटांत कर्ज मिळतं हो. मशीनला म्हटल्यावर एक म्हणाला, वर्षाच्या मुदतीचं देतो. दुसरा म्हणाला, सोनं आणा. तिसऱ्याने विचारलं, नवऱ्याच्या नावावर फ्लॅट आहे का. मशीन दहा वर्षं चालणार आणि पैसे वर्षात परत करायचे. मग तिने खायचं काय, लोखंडाचा कीस?"

लांब मुदतीचं कर्ज द्यायला बँका धंद्याचा मागचा रेकॉर्ड मागतात. रेकॉर्ड करायचा तर मशीन पाहिजे, मशीन घ्यायचं तर लांब मुदतीचं कर्ज पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसला प्रकार. अण्णांनी तो आपल्या पद्धतीने सोडवला. सुट्टीच्या दिवशी क्रेन बोलावली आणि आपलं मशीन तिच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. वर्षाचं काम पुरं झालं की तिच्या नावावर कागद तयार होणार होते. म्हणून मार्च.

मी विचारलं, बँकेची परवानगी का घेतली नाही?

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते," अण्णा म्हणाले. "नाही म्हटल्यावर नेलं असतं, तर तो गुन्हा झाला असता. म्हणून विचारलंच नाही."

हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले, की मला हसावं की बेड्या घालाव्यात ते कळेना. आयुष्यभर काटेकोर वागलेल्या माणसाने काटेकोरपणाच्याच जोरावर स्वतःला अडचणीत घातलं होतं.

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. पंचविशीत त्यांच्याकडे नारायण पेठेत भाड्याच्या दोन खोल्या आणि अंगात रग, एवढंच होतं. त्या वेळी छोट्या उद्योगांना लांब मुदतीने पैसे देणारी एक सरकारी वित्तसंस्था होती. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना पहिल्या लेथसाठी आठ वर्षांचं कर्ज दिलं, आणि पहिलं दीड वर्ष मुद्दल मागायचं नाही असं कागदातच लिहिलं. अण्णांनी त्यांना विचारलं होतं, दीड वर्ष का? तर अधिकारी म्हणाले, कलम लावल्यावर पहिल्या वर्षी आंबे मागतो का आपण?

"त्या दीड वर्षावर मी उभा आहे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ते साहेब आता नाहीत. ती संस्थाही तशी राहिली नाही. मग म्हटलं, आपणच थोडं थांबून बघावं कुणासाठी."

त्यांनी ताईकडून पहिले सहा महिने काहीही घेतलं नव्हतं. बँकेचे हप्ते बिबवेवाडीच्या जुन्या मशीनांवर चालवले होते.

आमचं बोलणं चालू असताना ताई हात पुसत पुढे आली. "अण्णाले नेऊ नका जी," ती म्हणाली. "न्यायचं तं मशीन न्या."

अण्णा एकदम उठले. "मशीनला हात लावायचा नाही. मी येतो तुमच्याबरोबर."

नोकरीत मी माणसं एकमेकांवर ढकलताना पाहिली होती. भाऊ भावावर, मुलगा बापावर. एकमेकांसाठी पुढे होणारी दोन माणसं, आणि तीही रक्ताच्या नात्याची नसलेली, मी तपासात पहिल्यांदा पाहत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पायांत बूट नसल्याचं निमित्त करून बूट घालायला बाहेर गेलो आणि जरा वेळ उसाकडे तोंड करून उभा राहिलो. आठवडाभर मनात आणलेला संशय आठवला आणि त्या बाईची मनातल्या मनात माफी मागितली.

पण कायदा माझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर चालत नाही. मी रीतसर पंचनामा केला. जागेचे मालक शेतकरी होते, ते पंच म्हणून आले. मशीन लपवून ठेवलं होतं का, असं विचारल्यावर ते चिडलेच. "लपिवलंय कुटं? सहा म्हैनं रोज खडखड ऐकतोय आमी. गावाला ठावं हाय." मशीनचा क्रमांक बँकेच्या कागदांशी जुळला. पंचनाम्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं, की बँकेच्या नावाची पाटी मूळ जागी, सुस्थितीत असून तिच्यावर हळद-कुंकू वाहिलेले दिसते. मशीन जप्त केलं नाही. जाताना अण्णांना मात्र मी फैलावर घेतलं. परवानगी न विचारणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे, हे मी त्यांना इतक्या मोठ्याने सांगितलं, की शेतातले बगळे उडाले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान्य केलं. ते मान्य करतील असं मला वाटलं नव्हतं.

दसरा झाल्यावर मी मॅनेजर बाईंना मांजरीला घेऊन गेलो. चौकशीचा निष्कर्ष टेबलामागे बसून सांगण्यापेक्षा हे बरं, असं वाटलं. त्यांनी मशीन चारी बाजूंनी पाहिलं, क्रमांक पाहिला, मग पाटीपुढे थांबल्या. कुंकू सुकलं होतं, पण ताईने पुसलं नव्हतं. बाईंनी पर्समधून रुमाल काढला, पुसण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. अण्णांना त्या म्हणाल्या, काका, तुम्ही विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. अण्णा म्हणाले, तेच तर मी म्हणतोय. पहिल्यांदा त्या हसल्या.

परतताना गाडीत त्यांनी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "साहेब, लोक आमच्याकडे वर्षा-दोन वर्षांसाठी पैसे ठेवतात. ते दहा वर्षांसाठी कुणाला द्यायचे म्हणजे रात्री झोप लागत नाही. आम्ही वाईट नसतो हो." त्यांचंही खरं होतं. ज्याचा पैसा, त्याला तो कधीही परत मागायचा हक्क, आणि ज्याला मशीन उभं करायचं, त्याला वर्षानुवर्षांचा अवधी हवा. या दोघांच्या मधल्या फटीत कुणीतरी पाय रोवून उभं राहावं लागतं. एके काळी तिथे सरकारी संस्था उभी होती. ती बाजूला झाल्यावर अण्णा जाऊन उभे राहिले होते, आणि मी त्यांना अटक करायला निघालो होतो.

बँकेने मशीन नव्या जागी ठेवायला लेखी परवानगी दिली. विम्याचा पत्ता बदलला, दर तीन महिन्यांनी पाहणीची अट घातली. मी अहवालात लिहिलं, की अप्रामाणिक हेतू दिसून येत नाही, बाब दिवाणी स्वरूपाची आहे. वरिष्ठांनी दोन प्रश्न विचारले आणि सही केली. मार्च संपला. ताईचं वर्ष पुरं झालं, एकही माल परत आला नाही. मॅनेजर बाईंनी सरकारच्या हमी योजनेखाली तिचा प्रस्ताव वर पाठवला, तो नाकारला गेला. त्यांनी परत पाठवला. दुसऱ्या वेळी मंजूर झाला, सात वर्षांची मुदत आणि पहिले बारा महिने मुद्दल नाही. तो मंजुरीचा कागद दाखवायला ताई पेढे घेऊन ठाण्यात आली होती. ठाण्यात पेढे कसले, म्हणून सगळे बघत राहिले. पोलीस ठाण्यात लोक आपलं रडणं घेऊन येतात, हसणं सहसा घरीच ठेवतात.

पोलिसांचं सगळं काम मुदतीत चालतं. चोवीस तासांत आरोपी हजर करायचा, ठरलेल्या दिवसांत दोषारोपपत्र. त्या घाईची मला इतकी सवय झाली होती, की जो माणूस वेळ मागतो तो काहीतरी लपवतो, असंच मी समजत आलो. या केसने मला शिकवलं, की काही माणसं वेळ मागतात कारण त्यांनी काहीतरी पेरलेलं असतं. तेव्हापासून समोरच्याने वेळ मागितला की मी आधी विचारायला लागलो, कशासाठी. प्रत्येक वेळी उत्तर चांगलं मिळालं असं नाही. पण विचारल्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही.

मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. खंडेनवमीला मांजरीचं बोलावणं दर वर्षी असतं. आता तिथे ऊस कमी आणि इमारती जास्त झाल्या आहेत. अण्णांनी बिबवेवाडीची शेड बंद केली. रोज बसने मांजरीला येतात, खुर्ची टाकून बसतात आणि सगळ्यांच्या चुका काढतात. ताईकडे कामाला सहा जण आहेत, त्यांतल्या चार मुली.

यंदा गेलो, दाराशी बूट काढले आणि आत पाहिलं. मशीनं तीन होती, तिन्ही ताईच्या नावावरची, तिन्हींवर बँकेच्या पाट्या आणि पाट्यांवर कुंकू. मूळचं जुनं मशीन कुठे दिसेना. त्याचं कर्ज मागेच फिटलं होतं, अण्णांनी ते रीतसर कागद करून ताईच्या नावावर केलं होतं, आणि ते तिने आपल्याकडे शिकून बाहेर पडलेल्या एका कामगार मुलीच्या नव्या शेडमध्ये ठेवल्याचं मला ठाऊक नव्हतं. मी जुन्या सवयीने टोपलीतले हार मोजले. चार होते.

अण्णांनी मला मोजताना पकडलं. "मोजू नका साहेब," ते म्हणाले. "या वेळी मशीन गहाण नाही, तरी बँकेच्या मॅडमना आधी विचारलंय. हो म्हणाल्या."

पूजा झाली. खोबरं-साखर खाऊन झाली. ताईने चौथा हार पिशवीत घालून स्कूटीच्या हुकाला अडकवला, अण्णा काठी सांभाळत मागे बसले, आणि तिने मान वळवून विचारलं, येता न जी? मी बूट घातले, माझी गाडी सुरू केली आणि त्यांच्या मागे निघालो. ताशी तीसच्या वेगाने.